फ्लेक्सवरचा दुसरा फोटो

कडेगावची राणी विलायतेहून परत आली, हे मला कळलं ते माझ्या क्लासच्या रिकाम्या बाकांवरून. इस्लामपुरात गेली एकोणीस वर्षं मी इंग्रजी बोलायला शिकवते. माया मॅडमचा क्लास म्हटलं की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. आणि ही बाई सासूच्या आजारपणासाठी लीड्सहून वर्षभर इथे आली काय, रविवारी गच्चीवर सतरंजी टाकून पोरींना फुकट शिकवू लागली काय! फुकट शिकवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

बाकीच्या पोरी गेल्या त्याचं एवढं नाही. प्रांजल तिच्याकडे जाऊ लागली, ते झोंबलं.

प्रांजल आटपाडीकडच्या माळावरची, धनगराघरची. आजोबांचं आयुष्य मेंढरांमागे फिरण्यात गेलं, वडिलांनी डाळिंब लावलं. नर्सिंग शिकायला इकडे आली तेव्हा इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतानाही तिला घाम फुटायचा. तीन वर्षं घासली मी तिला. नुसती इंग्रजीत नाही, मराठीतसुद्धा. मी मूळची वाईची. माझ्या क्लासात कोणी ‘न्हाई’ म्हटलं की वाक्य पहिल्यापासून परत म्हणायचं, असा नियम आहे. पहिल्या महिन्यात प्रांजलला एकेक वाक्य चार-चारदा म्हणावं लागायचं. पुढे ती एकदाही चुकली नाही. पोटच्या मुलाचंही मी एवढं कौतुक केलं नसेल.

आता इंग्लंडच्या उत्तरेकडच्या, म्हणजे राणीच्या लीड्सच्याच बाजूच्या, एका हॉस्पिटलने तिला मुलाखतीला निवडलं होतं. मुलाखत व्हिडिओवर व्हायची होती. आठवडाभर ती माझ्याकडे यायची आणि रविवारी राणीकडे. लपवायचीही नाही. एका रविवारी मला राहवेना. राणीच्या सासूची तब्येत विचारायचं निमित्त काढून, दोन शहाळी घेऊन मी गेले. वर गच्चीवरून राणीचा आवाज येत होता. लीड्सात सहा वर्षं काढून बाईचं ‘लय’ आणि ‘हाय’ जिथल्या तिथे होतं.

“आगं, पावाच्या गोल तुकड्याला तिकडं गावागावात येगळं नाव हाय. कुठं बॅप, कुठं कॉब, मँचेस्टरला बार्म. आमच्या लीड्सात ब्रेडकेक. लय जणी दुपारच्या जेवणाला डिनर म्हंत्यात आन् संध्याकाळच्याला टी. आन् एखादी म्हातारी तुला लव्ह म्हणंल, तवा लाजू नगं. आपल्याकडं कुणालाबी ‘बाई’ म्हंत्यात, तसलंच त्ये.”

“आन् थँक्यू?” प्रांजलने विचारलं.

“टा. येवढंच.”

“टा?” प्रांजल पोट धरून हसायला लागली. “आवं ताई, येवढ्यात कुठं आभार मानत्यात व्हय! आमचा बोकुड तरी यापरास लांब वरडतोय!”

त्या पोरीचं असं बोलणं, असं हसणं मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. मी जिन्याच्या तोंडाशी दिसताच ती झटकन उभी राहिली, ओढणी सावरली आणि म्हणाली, “नमस्कार मॅडम. आपण कधी आलात?” राणीने मला चहा दिला. चांगला होता, तरी मी अर्धा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी प्रांजलला खडसावलं. “ते गच्चीवरचं इंग्रजी मुलाखतीत काढलंस तर पहिल्या मिनिटात घरी बसवतील. लव्ह म्हणे! सुशिक्षित माणूस असं बोलतं का?” ती “होय मॅडम” म्हणाली. खरं सांगायचं तर तिकडचं माणूस कसं बोलतं याची मला काडीची माहिती नव्हती. मी हैदराबादच्या पुढे कधी गेलेले नाही.

प्रांजल पास झाली. धावत आधी माझ्याकडे आली, हे मात्र कबूल करायला हवं. “मुलाखत घेणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच मला लव्ह म्हटलं, मॅडम! राणीताईंनी सांगून ठेवलं होतं म्हणून मी घाबरले नाही. नाहीतर त्यांचं अर्धं बोलणं मला कळलंच नसतं.” तिच्या मनात काही नव्हतं. मी इतकी हसले की गाल दुखले.

आमच्याकडे कोणी पोलिसात भरती होवो की सोसायटीवर निवडून येवो, फाट्यावर फ्लेक्स लागल्याशिवाय ते झालं असं कोणी धरत नाही. व्हिसा आल्यावर प्रांजलचे चुलते दादासो यांनी आमच्याच गल्लीतल्या भाऊसोकडे फ्लेक्स छापायला टाकला. भाऊसो माझा जुना विद्यार्थी. त्याने जरा बरा फोटो मागायला मला दुकानात बोलावलं. कॉम्प्युटरवर मधोमध पांढऱ्या कोटातली प्रांजल होती. खाली ‘मार्गदर्शक’ असं लिहून दोन गोल. एकात मी, दुसऱ्यात राणी. दोन्ही गोल सारखेच. माझी तीन वर्षं आणि तिचे सातआठ रविवार, एकाच मापाचे!

“हा दुसरा फोटो काढ,” मी म्हणाले.

“दादासोंनीच दिलाय की मॅडम.”

“त्यांचाच निरोप आहे.”

त्याने बटण दाबलं. राणी गेली. माझा गोल ओढून त्याने मध्ये घेतला आणि मोठा केला. “आता कसं झ्याक दिसतंय!” तो म्हणाला. मलाही दिसलं. मला त्या वेळी आनंद झाला होता. येताना मी गरम भजी घेतली आणि घरी एकटीने खाल्ली.

फ्लेक्स शुक्रवारी लागला. रविवारी प्रांजल पेढे घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिला निघायचं होतं. पाया पडली आणि समोर बसली.

“भाऊसोंना मी विचारलं, मॅडम. काकांनी तसा निरोप दिलेला नव्हता.”

“अगं, जागा कमी पडत होती, म्हणून मी...”

“हरकत नाही. आपला काही हेतू असेल. राणीताईंनाही वाईट वाटलेलं नाही. आपले उपकार मी विसरणार नाही.”

बोलण्यात एक चूक नाही. आवाज चढला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तो पेढ्यांचा पुडा माझ्या तोंडावर फेकला असता तर बरं वाटलं असतं.

“प्रांजल, राग आला असेल तर भांड ना माझ्याशी,” मी म्हणाले. “राणीशी बोलतेस ना, तशी बोल. चार शब्द ऐकव.”

तिने खरंच प्रयत्न केला. ओठ हलले, डोळे भरून आले. मग मान खाली घालून म्हणाली, “आपल्यासमोर ते येत नाही, मॅडम.”

ती उठली, पुन्हा नमस्कार करून जिना उतरली. खाली राणी गाडी घेऊन थांबली होती, हे मला तेव्हा कळलं.

“काय म्हणल्या गं मॅडम?”

आणि प्रांजल हुंदके देत एका दमात बोलायला लागली. “ताई, लय राग आल्ता वो! वाटलं इचारावं, का आसं केलं म्हून. आईवानी मानत हुते मी त्यास्नी. पर त्येंच्या म्होरं मला कायबी बोलताच येत न्हाई.”

मी वरच्या पायरीवर उभी होते. खाली जाऊन तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं. पण मला बघितलं असतं तर तिने डोळे पुसले असते आणि परत शुद्ध बोलायला सुरुवात केली असती. मी तिथेच थांबले.