सुई अंगात मुरेपर्यंत

सोजराबाईने गोळी दोन चमच्यांमध्ये धरून दाबली आणि दाराकडे पाहिले. सुरज अंगणात हातपाय धूत होता. भुकटी वरणात पडली आणि हळदीच्या पिवळेपणात दिसेनाशी झाली.

काल नांदेडला त्याला सुई दिली होती. घरचे गोळीतून वीख घालतात, या संशयापायी त्याने कित्येकदा ताट भिरकावले होते. मागच्या खेपेला गोळी सुटली, तेव्हा तर त्याला विहिरीच्या काठावरून ओढून आणावे लागले. सुईला तो तयार झाला, पण एका अटीवर: यापुढे गोळी नाही. सोजराबाईने त्याच्याच गळ्याला हात लावून आण घेतली. डॉक्टरांनी उरलेले सांगितले ते सुई टोचून झाल्यावर. थोरला मुलगा धम्मानंद मास्तर होता. गावाकडे, कुरुंद्याला जाणाऱ्या जीपची वाट पाहताना त्याने तिला बाजूला घेऊन ते उलगडून सांगितले. सुईतले औषध अतिशय बारीक दाण्यांत कोंडलेले असते. अंगातल्या पाण्याने ते दाणे झिजू लागतील, विरू लागतील, तेव्हाच ते बाहेर पडेल. त्याला तीन आठवडे लागतात. तोवर गोळी चुकली, तर सुई दिली काय आणि न दिली काय, सारखेच.

“अन् म्या घेतलेली आण?” तिने विचारले होते.

“दाण्याला आण कळत न्हाई, माय.”

सुरज आत येऊन ताटावर बसला. त्याने भाकर कुस्करली, वाटी न हुंगताच सगळे वरण भाकरीवर ओतले आणि कालवले.

“बस माय. एका ताटात जेवू.”

भूक नाही, असे ती पुटपुटली. त्याचा हात थांबला. त्याची ती संशयाची नजर तिच्या ओळखीची होती. ती लगबगीने बसली आणि कडेची कोरडी भाकर चघळू लागली.

“कोरडं काहून खाऊन राहिली?”

कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज असा मऊ झाला होता. त्याने सगळा काला बोटांनी ओढून तिच्या पुढ्यात सारला.

“तूच खा. माझ्यापायी वाळून गेलीस. मला काय, सुई हाय.”

सोजराबाईने घास उचलला. सुरज तिच्या तोंडाकडे पाहत होता, हसत होता. म्हणून तिने दुसराही उचलला.