मोजणीच्या रात्री केदिर कुठे होता

आमच्या आर्सी प्रांतातल्या तालुक्याचे तीन थर. वर गार डोंगरमाथा, तळाला तापलेली सपाटी आणि मधे ना थंड ना गरम असा पट्टा. माझा नवरा केदिर याची जमीन वर आणि तळाला, म्हणून बायकाही दोन. वर जव आणि मी, खाली मका आणि रुकिया. मधल्या पट्ट्यात आमची वीतभरही जमीन नाही. तिथली गावं नुसती वाटेत लागतात.

मी, कुलुले, थोरली. अकरा वर्षं दारात बसून खालचा धूर बघतेय. रुकियाच्या चुलीचा धूर मी शंभरात ओळखीन. तिच्या दारी आंबा आहे, अंगावर ऊन आहे. माझ्या नशिबी थंडीनं फुटलेल्या टाचा. सवत मातीचीही नको म्हणतात, ही तर हाडामांसाची, त्यातून हसरी. धूर जरा जास्त दिसला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आज त्याच्यासाठी काय शिजवतेय भवानी?

मग जनगणना आली. मास्तरीण फोझिया धापा टाकत चढून आली. मी कॉफी दिली. ती म्हणाली, शुक्रवारी रात्री जो ज्या घरात झोपला, त्याच घरात त्याचं नाव लागणार, आणि माणूस एकदाच मोजायचा. केदिर गुरुवारीच खाली उतरला होता. म्हणजे सरकारदरबारी तो रुकियाचा आणि मी बिननवऱ्याची.

"इथंच झोपला होता," मी म्हटलं. "पाय दुखत होते, मी लोणी चोळून दिलं."

खोटं बोलताना इतकं बरं वाटलं की लोणीसुद्धा आपोआप तोंडात आलं. पुढचे चार दिवस मी पाणी भरताना गात होते. रुकियाच्या घरात नवऱ्याची जागा रिकामी राहणार, एवढ्यावर माझं पोट भरत होतं.

पाचव्या दिवशी फोझिया पुन्हा आली, कपाळाला आठ्या घालून. रुकियानं भांडून नाव पळवलं असणार. मी बाह्या सरसावल्या.

"काय म्हणते ती?"

"त्या रडल्या, मावशी. म्हणाल्या, तो आताशा वरच असतो, थोरलीनं बांधून ठेवलाय. शुक्रवारी खाली नव्हताच."

मला हसू फुटायला आलं. म्हटलं, मग तंटा कसला, राहू दे इथंच.

फोझिया खाली बघत म्हणाली, "मधल्या गावात एका बाईच्या घरी हेच नाव लागलंय. दार खुद्द केदिरकाकांनीच उघडलं. कडेवर मूल होतं."

मी दारात जाऊन उभी राहिले. अकरा वर्षं माझी नजर त्या गावावरून सरळ तळाला उतरत होती. तिथंही चुली पेटल्या होत्या.

"मग इथलं नाव काढू?" फोझियानं विचारलं.

"काढ," मी म्हटलं. "पण आधी इकडे ये. यातला तिचा धूर कुठला, तेवढा दाखव."