न सांगितलेल्याची दवंडी

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. ऐरोलीच्या खाडीकाठी आमच्या गावाचा जुना धक्का होता, आणि काशीआत्याची होडी तिथे बांधलेली असे. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या होडीवर चालायचं. एका सकाळी धक्क्याच्या कडेने लाल फडकी बांधलेले बांबू उभे दिसले. ते रोवणाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, आम्हाला फक्त रोवायला सांगितलंय.

आत्या सरकारी ऑफिसात गेली. तिच्या अंगाच्या मासळीच्या वासाने नाक मुरडत खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं की सगळं जाहीर झालंय, कागद फळ्यावर लावलाय, हरकत असेल तर सोमवारपर्यंत द्या. फळा कुठे? आतल्या खोलीत. आत जाऊ? बाहेरच्यांना मनाई आहे. ती पुन्हा गेली, पुन्हा हात हलवत परत आली. ‘जाहीर’ या शब्दाची अशी थट्टा मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

शेवटी ती भावाकडे येऊन रडली. भाऊ म्हणजे आमचा गोटीरामकाका, गावचा कोतवाल. सरकारी हुकमाची दवंडी द्यायची, ढोल वाजवून तो आळीआळीत सांगायचा, हे त्याचं काम. बहिणीचं रडणं त्याने ऐकून घेतलं, पण जाहीर झालंय म्हटल्यावर त्याचं डोकंच फिरलं. त्याच्या ढोलाशिवाय गावात काही जाहीर होतंच कसं? आम्ही परोपरीने समजावलं, की तुलाच काही ठाऊक नाही तर दवंडी कसली देणार, उगाच नोकरीवर गदा येईल. त्याने ढोल गळ्यात अडकवला. रविवार होता, सगळे घरीच होते.

“ऐका हो ऐका! सरकारनी आपल्या धक्क्याचा कायतरी ठरवलाय. काय ठरवलाय, ता सांगत नाय. उद्या सगल्यांनी इचाराला चला हो!”

लोक आधी हसले. मग एकेक जण शेजाऱ्याला विचारू लागला, धक्क्याचं काय होणार?

सोमवारी अख्खं गाव ऑफिसच्या आवारात उभं होतं, बायका तर मासळीच्या टोपल्यांसकट. गलका ऐकून साहेब बाहेर आले. उदयसिंह नावाचे, साताऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता.

“एवढ्या लोकांनी कशाला यायचं?” ते म्हणाले. “एकानं येऊन विचारलं असतं तरी सांगितलं असतं.”

“पयल्यांदा एकलीच आलेली ना, साहेब,” आत्या म्हणाली. “मंग परत एकलीच आलेली.”

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. मग स्वतः आत जाऊन त्यांनी फळ्यावरचा कागद काढून आणला आणि पायरीवर उभं राहून वाचला. धक्क्यावर भराव घालून रस्ता होणार होता. आत्याने पदर डोळ्यांना लावला, आणि तिच्याकडे बघून मलाही रडू आवरेना. पण हरकतीची मुदत संध्याकाळपर्यंत होती. साहेबांनी टेबल व्हरांड्यात मांडायला लावलं. पहिली हरकत आत्याची घेतली, मग बाकीच्या गावाची.

रस्ता पुढे धक्क्याला वळसा घालून गेला. आत्याची होडी होती तिथेच राहिली.

काकाला मात्र वरून नोटीस आली, हुकूम नसताना दवंडी दिल्याबद्दल. ती त्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, ढोल गळ्यात अडकवला आणि आळीआळीत जाऊन अख्ख्या गावाला सांगितली.