न विचारता दिलेली शिक्षा

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. समुद्रपूरच्या एका शाळेत नववीतल्या दोन मुली भांडल्या आणि कपाटाची काच फुटली. दोघींनीही एकमेकींना ढकललं होतं. संध्याकाळी सुरभीच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला पडला. मयुरीला मुख्याध्यापकांनी नुसतं समजावलं. सुरभीची आई मनकर्णाबाई मजुरीला जायची. मयुरीचे वडील प्रभाकरराव कापडाचे व्यापारी, शाळेच्या समितीवरही होते. त्यांना यात काही वावगं वाटलं नाही.

आठवड्याने वर्गशिक्षिका प्रमिलाबाई दुकानात आल्या. प्रभाकररावांनी चहा मागवला, विषय टाळला. बाई उठल्या नाहीत.

"भाऊ, दोघींले समोरासमोर बसवा. कोणाले काय लागलं, ते एकमेकींच्या तोंडून ऐकू द्या. काच दोघी मिळून बसवतील. एकीले हाकलून दुसरी काय शिकली?"

पोरींच्या भांडणात कशाला पडता, असं म्हणून त्यांनी बाईंची बोळवण केली. पण जेवताना मयुरीला विचारलंच. तोवर तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"पहिले मीच ढकललं, बाबा. तिच्या ठिगळाच्या स्कर्टले मी हसली होती."

प्रभाकररावांनी हातातला घास ताटात ठेवला. मुलगी सुटली होती ती केवळ त्यांची होती म्हणून!

त्यांनी मुख्याध्यापकांना गाठलं, समितीत शब्द टाकला. शनिवारी शाळा सुटल्यावर सुरभीलाही बोलावून सारे वर्गात गोल करून बसले. मयुरीने रडत सगळं सांगितलं, माफी मागितली. मुख्याध्यापक दाखला परत घ्यायला तयार झाले. सुरभीने त्यांच्याकडे पाहिलं.

"येईन मी, सर. पण उद्या अजून काही फुटलं, तं तुम्ही पहिले कोणाकडे पाहाल?"



सुरभी थोडे दिवस आली. मयुरी शेजारी बसली की ती उठून जाई. कापूस फुटला तशी ती आईबरोबर वेचणीला जाऊ लागली. प्रभाकरराव तिच्या घरी गेले. मनकर्णाबाईंनी पाणी दिलं, राग काढला नाही.

"पोरीचं मन उठलं, शेटजी. आता राहू द्या."

पुढे त्या शाळेत, ऐकून घेतल्याशिवाय कोणाला काढायचं नाही, असं ठरलं. ते इतरांच्या लेकरांच्या कामी आलं असेल. सुरभीच्या आलं नाही. म्हणून, गावकऱ्यांनो, शिक्षेआधी दोघांचंही ऐका, आणि वेळेत ऐका. दाखला परत घेता येतो. लेकराचा उडालेला विश्वास मागून मिळत नाही.