भिजवली की मऊ झाली

मित्रांनो, मी एक जुनं पितळी पुरणयंत्र आहे. सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका स्वयंपाकघरात राहतो. माझी कहाणी गोड असेल असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या.

तांबटाने मला ठोकून घडवलं आणि मीनाबाईच्या रुखवतात मी तिच्या सासरी आलो. सणासुदीला ती माझा दांडा फिरवायची आणि पंगतीतून आवाज यायचा, "पुरण काय मऊ हाय वो!" मी फुगून जायचो. मीनाबाई मात्र सगळे उठल्यावर उरलेली कडक भाकरी नि शेंगाचटणी घेऊन बसायची. छातीत जळजळलं की "पित्त झालंय" म्हणून गार पाणी प्यायची. तिचा नवरा सिद्राम म्हणायचा, "बायकांचं काय ना काय दुखतंच की." पुढे मिक्सर आला आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो. तिची जळजळही तशीच पडून राहिली, खाल्लेलं घशाशी यायला लागेपर्यंत.

शेवटी ऑपरेशन झालं. आंबट पाणी वर येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाके घातले. डॉक्टरांनी बजावलं, आधी नुसतं पातळ, तेही घोट घोट. मग गाळलेलं मऊ, थोडं थोडं. भाकरी नाही, सोडा नाही. घास अडकून ओकाऱ्या आल्या तर टाके तुटतील. सून ऋतुजाने मला माळ्यावरून काढलं, चिंचेने लख्ख घासलं. शिजवलेला दुधी, डाळ ती माझ्यातून काढू लागली. इतकी वर्षं राबलो, पण मीनाबाईसाठी म्हणून माझा दांडा पहिल्यांदाच फिरत होता. मला फार बरं वाटलं.

एके दिवशी ऋतुजा डाळ झाकून ठेवून चादरीच्या कारखान्यात कामाला गेली. दुपारी सिद्रामची थोरली बहीण अक्कम्मा अक्कलकोटहून आली, पिशवीभर कडक भाकऱ्या घेऊन. झाकण उघडून तिने नाक मुरडलं.

"असलं पाणी पिऊन माणूस उभं ऱ्हाईल व्हय?" असं म्हणत तिने भाकरी दुधात कुस्करली. "ही बघ, भिजवली की मऊ झाली."

"नको वन्सं. डॉक्टर नको म्हणल्यात."

"अगं, अक्का एवढ्या लांबनं आलीय," सिद्राम म्हणाला. "मान ठेव की तिचा. दोन घासानं काय हुतंय?"

मीनाबाईने भिडेखातर घास घेतला. मग दुसरा. भाकरीचा लगदा छातीत अडकून बसला. वरून पाणी दिलं, तेही उतरेना. ती ओकाऱ्या देत राहिली आणि बाहेर काहीच येईना. रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं. टाके तुटले होते. आता पुन्हा पोट उघडायचं आहे.

तारीख मिळेपर्यंत तिला घरी आणलंय. भेटायला लोक येतात. सिद्राम प्रत्येकाला सांगतो, "लई सांगितलं, पथ्य पाळ म्हणून. ऐकतीय कुटं?" अक्कम्मा मान हलवते. मीनाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणते, "माजंच चुकलं." हे ऐकून माझं पितळ तापतं.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. खुशाल भंगारात घाला. पण आजारी माणूस नको म्हणालं, तर पुढे केलेला घास मागे घ्या. मीनाबाई नको म्हणाली होती. कान त्या दोघांना होते. ऐकलं मात्र मी.