लेसियाची गप्प बसायची पाळी

लेसियाला आज तोंड उघडायची बंदी होती. ती बंदी खुद्द तिच्या मालकाने घातली होती, हे कळल्यावर तिच्या आईला, स्टेफानियाबाईंना, त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

कंपनीची रीतच तशी. नवं काही बनवलं की त्यातलं ओ की ठो कळत नाही असं माणूस आणून बसवायचं आणि बनवणाऱ्याने मागे मुकाट उभं राहायचं. आज त्या माणसाच्या जागी लेसियाची आई होती.

आजवर ही कंपनी शहरवाल्यांना टॅक्सी मिळवून देत होती. आता म्हणे खेड्यातल्या एकट्या म्हाताऱ्यांना दवाखान्यासाठी फोनवरून गाडी बोलावता येणार होती. या 'म्हणे'पायी पोरीने टोरांटोची भल्या पगाराची नोकरी नाकारली होती. पुढच्या हिवाळ्यात अख्ख्या सास्काचेवान प्रांतात आपल्या गाड्या, असं ती जेवतानाही घोकायची. आई सारण भरलेले पेरोही वाढत म्हणायची, आधी या हिवाळ्याचं बघ. मालक ब्रेंटही तेच म्हणत होता. आज जमलं नाही, तर कंपनीने खेडी सोडून परत शहराची वाट धरायची.

घरचं भांडण घरात. चारचौघांत पोरीची मान खाली जाऊ द्यायची नाही, असं ठरवूनच बाई आल्या होत्या. गुरांमागे लहानपणीच शाळा सुटलेली. वाचताना ओठ हलायचे. आज त्यांनी ते घट्ट मिटले. हातातल्या फोनच्या पडद्यावर अक्षरांची नुसती गर्दी. त्यांनी ठसक्यात एक चौकोन दाबला, मग दुसरा.

गाडी ठरली. ब्रेंटने वाकून पाहिलं. गाडी निघाली होती गुरांच्या बाजाराला.

लेसियाने ओठ दातांखाली धरला होता. स्टेफानियाबाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि जन्मभर शेजारणीलाही न सांगितलेली गोष्ट सांगितली.

"पोरीचं काही चुकलेलं नाही. मला धड वाचता येत नाही."

पाहतात तर लेसियाचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा फुललेला. ब्रेंटने मान हलवून बंदी उठवली, तशी ती सुटलीच. सगळी अक्षरं काढून टाकायची, जागांचे फोटो लावायचे. दवाखाना, चर्च, वाण्याचं दुकान. बोलता बोलता तिने अक्षरं पुसायला सुरुवातही केली.

"अगं, हिवाळाभर खपलीस ना त्यावर?"

"आज कळलं, आई. गाड्या सुरू झाल्यावर कळलं असतं, तर कोणी म्हातारी त्या बाजारात थंडीत कुडकुडत बसली असती."

ब्रेंटने कॅलेंडर उघडलं. मग म्हणाला, "काकू, पुढच्या गुरुवारी नवं बघायला याल?"

"येईन. पण हिला असंच गप्प बसवणार असाल, तर."

परतताना दोन्हीकडे बर्फाची शेतं होती आणि लेसियाची जीभ काही थांबत नव्हती. पुढचा हिवाळा, मग शेजारचा मॅनिटोबा, मग आणखी कुठे कुठे. स्टेफानियाबाईंनी हूं हूं केलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. गावाच्या नावाची पाटी आली की ओठ हलवून, मोठ्याने, सावकाश वाचत होत्या.