तक्त्याखालच्या चार ओळी

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानांची, जाड पुठ्ठ्याची, एका कोपऱ्याला वाळवीनं कुरतडलेली. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे या गावी माझं बहुतेक आयुष्य गेलं. तुम्ही म्हणाल, वहीला कसलं आलंय आयुष्य! पण माझ्या अंगावर जे लिहिलं आहे, ते आमच्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्याच वहीत सापडणार नाही. माझ्यात फ्रेंच भाषेची क्रियापदं आहेत. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, निळ्या शाईत, रांगेत उभी केलेली. याचा मला फार गर्व होता. त्या गर्वाचीच गोष्ट मी आज सांगणार आहे, आणि ती सांगताना मला मुळीच बरं वाटत नाही.

माझे मालक दयाराम गुरुजी. मला त्यांनी विकत घेतलं तेव्हा ते गुरुजी झालेले नव्हते. औरंगाबादेत वसतिगृहात राहून कॉलेज शिकत होते. फ्रेंच हा विषय त्यांनी का घेतला, ठाऊक आहे? त्या वर्गात नऊच विद्यार्थी होते आणि सर प्रत्येकाला नावानं हाक मारत. एवढंच कारण. व्याकरणाचं पुस्तक मात्र कॉलेजात एकच होतं आणि ते ग्रंथालयाबाहेर न्यायला मिळत नसे. मग दयाराम रोज दुपारी तिथं बसत आणि पुस्तक माझ्यात उतरवून घेत. कंपासपेटीच्या कडेनं रेघा मारायच्या, रकाने पाडायचे आणि एकेक रूप लिहायचं. बाजूला कंसात देवनागरीत उच्चार. पूर्ण एक्केचाळीस दिवस हे चाललं.

शेवटच्या पानावर जो तक्ता आला, त्याचं नाव 'एंपार्फे द्यु स्युबझाँक्तिफ'. घाबरू नका. नाव लांबलचक असलं तरी काम साधं आहे. 'तो यावा अशी तिची इच्छा होती', 'त्यांनी बोलावं हे गरजेचं होतं', अशी होऊन गेलेल्या काळातली इच्छा किंवा गरज सांगायची असली की 'यावा', 'बोलावं' यांच्या जागी ही रूपं येतात. 'बोलणे' या एकाच क्रियापदाची सहा रूपं. पार्लास, पार्ला, पार्लास्यों... ऐकायला मोठी रुबाबदार!

तो सत्राचा शेवटचा दिवस होता. सहा वाजत आले होते आणि शिपाई दारात उभा राहून किल्ल्या वाजवत होता. तक्ता पुरा झाला. पुस्तकात त्याच्याखाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. दयारामांनी त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि टोपण लावलं. नंतर कधीतरी उतरवू, असं त्यांच्या मनात असावं. ते नंतर काही आलं नाही. तक्ता भरला म्हणजे पान भरलं, असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

पुढे ते जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले आणि चौतीस वर्षं त्यांनी मुलांकडून पाढे घोकून घेतले. धामणगावात फ्रेंच बोलणार तरी कोणाशी? तरी रोज संध्याकाळी ते मला उघडत आणि पुटपुटत. अन्नपूर्णाबाई, त्यांच्या पत्नी, तुरीची डाळ निवडता निवडता हसत. "लागले का पार्लास पार्लास कराले? दळण आणाचं ध्यानात हाये ना?" गुरुजी मला मिटून ठेवत, पण आधी पुठ्ठ्यावरून एकदा हात फिरवत. तो हात मला अजून आठवतो.

मग मंजुश्री मोठी झाली. ही त्यांची एकुलती लेक. ती दहा वर्षांची झाली तेव्हा गुरुजींनी पाढ्यांनंतर माझी पाळी लावली. तीसपर्यंत पाढे, मग तीन क्रियापदं, मग जेवण. पोर भारी हुशार. सतराव्या वर्षी तिला माझं पान अन् पान पाठ होतं, आणि शेवटचा तक्ता तर ती न अडखळता म्हणे. शेजारपाजारचे ऐकायला यायचे. कोणाला काही कळत नसे, पण माना सगळे डोलवायचे. मी फुगून जायचे, मित्रांनो. माझ्यामुळे एवढं कौतुक होतंय, असंच मी समजत होते.

पुढे घरात मोबाईल आला. त्यात फ्रान्सची माणसं भरभर बोलताना दिसायची. मंजुश्री म्हणाली, "बाबा, हे लोक शेवटच्या पानावरचं काहीच नाही बोलत." गुरुजींनी चष्मा सारखा केला, थोडा वेळ ऐकलं आणि खूश होऊन म्हणाले, "पाह्य मंजे, त्याहिले येतच नाही! हे बाजारातलं फ्रेंच हाये. खरं फ्रेंच आपल्या वहीत हाये." दोघंही हसली. मोबाईल बाजूला राहिला आणि मी पुन्हा उघडली गेले. त्या दिवशी तरी कोणाच्या मनात शंका यायला हवी होती. दोघं रोज म्हणत ते नुसतं पाठांतर होतं; एकमेकांशी फ्रेंचमध्ये एक वाक्यही ती कधी बोलली नाहीत.

मंजुश्री अठ्ठावीस वर्षांची असताना पुण्यातल्या एका संस्थेची जाहिरात आली. वर्षभराचं शिक्षण, राहण्याची सोय आणि नंतर भाषांतराचं काम. जागा बारा, वयाची अट अठ्ठावीस. म्हणजे तिला ही एकच संधी होती. लेखी परीक्षेत ती पहिल्या पाचांत आली. गुरुजींनी गावभर पेढे वाटायचेच बाकी ठेवले. मग तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं. बुलढाण्याहून पुण्याची बस धरली, तेव्हा मी तिच्या पिशवीत होते.

परीक्षेच्या खोलीत दोघं जण बसले होते. एक फ्रेंच बाई आणि एक मराठी गृहस्थ. बाईंनी विचारलं, फ्रेंच का शिकावंसं वाटलं? मंजुश्रीनं उत्तर दिलं, "मी फ्रेंच शिकावं अशी माझ्या वडिलांची इच्छा होती." फ्रेंचमध्ये अगदी अचूक. त्यात माझ्या शेवटच्या तक्त्यातलं एक रूप होतं. बाईंच्या भुवया वर गेल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्या हसत होत्या. कौतुकानं की थट्टेनं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. पण मंजुश्रीनं ते हसू पाहिलं आणि ती आतून मिटली. पुढचा प्रश्न कितीतरी सोपा होता. आज सकाळी काय खाल्लंत? तिला शब्द सुचेना. ती मनातल्या मनात माझी पानं उलटत राहिली. तिच्या पिशवीत बसून मला ते कळत होतं, पण मला कुठे तोंड आहे? प्रश्न आले आणि गेले.

बाहेर आल्यावर ते गृहस्थ तिच्यामागून आले. समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, ती रूपं आता फक्त जुन्या पुस्तकांत वाचायची. बोलताना साधं रूप वापरतात. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"नाही," ती म्हणाली.

त्या तक्त्याखालच्या चार ओळींत काय होतं, ते मला त्या दिवशी समजलं.

घरी येऊन तिनं गुरुजींना सांगितलं की जागा आधीच भरल्या होत्या. गुरुजी म्हणाले, "त्याहिचंच नुकसान." मंजुश्रीनं मला लोखंडी कपाटावर ठेवलं, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली. दुसऱ्या महिन्यापासून ती मोताळ्याच्या सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरून देऊ लागली. वाळवीनं माझा कोपरा धरला तो याच काळात. मी तक्रार केली नाही. मला ते रास्तच वाटलं.

दोन वर्षं गेली. एका रविवारी रुपाली आली. भगवंतराव भाजीवाल्यांची ही मुलगी, बुलढाण्याला कॉलेजात शिकते. म्हणाली, "गुरुजी, मले पुण्याच्या त्या परीक्षेले बसाचं हाये. तुमची वही द्याल का?" गुरुजींचा चेहरा उजळला. स्टुलावर चढून त्यांनी मला काढलं, धूळ झटकली आणि तिच्यासमोर थेट शेवटचं पान उघडलं. "हे आधी पाठ कर. हे कोणालेच येत नाही."

मंजुश्री चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबली.

"बाबा, ते पान तिले देऊ नका."

"काऊन वं?"

एकीकडे बापाचा अभिमान होता, दुसरीकडे त्या मुलीची संधी. मग तिनं कप खाली ठेवले. "जागा भरल्या नव्हत्या, बाबा. मलेच बोलता नाही आलं. त्या पानावरचं कोणी बोलत नाही, आन् मी बोलली."

"मंग तवा काऊन नाही सांगतलं?"

"तुमी रोज वहीवरून हात फिरवत होते. कसं सांगू?"

गुरुजी खाली बसले. माझं पान त्यांच्या मांडीवर उघडंच होतं. तक्त्याखाली चार ओळींएवढी कोरी जागा होती. ती त्यांनी कितीदा पाहिली असेल! आज ते त्या कोऱ्या जागेकडे एकटक पाहत राहिले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि तिथं लिहिलं, 'ही रूपं वाचताना ओळखावीत. बोलताना वापरू नयेत.' थोडं थांबले आणि खाली फ्रेंचमध्ये एक वाक्य लिहिलं. त्याचा अर्थ होता, 'मी हे तुला सांगायला हवं होतं.' माझा शेवटचा तक्ता गुरुजींनी स्वतः वापरला, तो आयुष्यात त्या एकाच वेळी.

मंजुश्रीनं ते वाचलं. "तुमाले तरी कुठं मालूम होतं, बाबा?"

"चार ओळी होत्या वं पोरी," गुरुजी म्हणाले. "मी पाह्यल्या होत्या."

आता मी रुपालीकडे आहे. तिनं मला खाकी कागदाचं कव्हर घातलं आहे. रोज संध्याकाळी ती मला घेऊन मंजुश्रीकडे येते, पण त्या दोघी मला उशिराच उघडतात. आधी बोलतात. परवा रुपालीनं अडखळत फ्रेंचमध्ये विचारलं, "ताई, आज सकाळी काय खाल्लं?" मंजुश्रीनं लगेच उत्तर दिलं. ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी. शब्द साधे, उच्चार स्वच्छ, कुठेही अडखळणं नाही. शेजारच्या खाटेवर गुरुजी बसले होते. डोळे कोणाला दिसू नयेत म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वह्या जपा, वाळवीपासून वाचवा, हे तर मी सांगेनच. पण मला जपलं होतं हो, फार प्रेमानं जपलं होतं. त्यानं भागलं नाही. म्हणून एवढंच मागते. कोणाचं काही उतरवून घ्याल, कोणाला काही शिकवाल, तेव्हा खालच्या बारीक ओळीही घ्या. शिपाई दारात किल्ल्या वाजवत असेल, तर वाजवू द्या.